वाफेचा हत्ती, सायकलचा बैल

ज्यूल व्हर्नच्या एका कादंबरीत नानासाहेब पेशवे आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १८८० सालच्या या कादंबरीचं नाव ‘वाफेचं घर’. भूतानच्या राजासाठी घडवलेला पोलादी हत्ती पोटात बॉयलर घेऊन, सोंडेतून धूर सोडत, चाकांवरचे दोन बंगले ओढत कोलकात्याहून उत्तरेकडे निघतो. आत बसलेल्या कर्नल मन्रोला नानासाहेबांवर सूड उगवायचा आहे. शेवटी बॉयलर फुटतो आणि हत्तीच्या ठिकऱ्या उडतात.

भंगारातल्या दातेरी चाकांची घुबडं, गंजक्या साखळ्यांचे सरडे, पितळी नळ्यांचे मासे जगभर घडवणारे स्टीमपंकवाले याच वाफेच्या काळाचे भक्त. त्यांचा हा सुवर्णकाळ आपल्या बाजूनं पाहिला तर सत्तावन्नचा, फाशांचा आणि तोफांचा काळ. ती ठसठस मनात ठेवूनच मी या कलेकडे पाहतो, आणि तरीही ती मला आवडते.

व्हर्नचं जन्मगाव फ्रान्समधलं नांत. तिथल्या जुन्या गोदीच्या जागेवर फ्रांस्वा दलारोझिएर आणि पिएर ओरफिस यांनी २००७ साली खराखुरा यांत्रिक हत्ती उभा केला. बारा मीटर उंच, पोलादी सांगाड्यावर लाकडी कातडं, एका फेरीत पन्नासेक माणसं. तो वाफेवर चालत नाही, आणि वजन पेलतात ती खालची चाकं. पण पायांचे सांधे खरोखर हलतात. हा हत्ती भंगाराचा नाही. टाकून दिलेली होती ती जागा: नांतचा जहाजबांधणीचा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला होता. योगायोग असा की त्याच वर्षी के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानं ‘लोकस’ मासिकाला पाठवलेल्या पत्रात, थोड्या गमतीनंच, ‘स्टीमपंक’ हे नाव सुचवलं.

नाव रुजलं तशी नक्कलही बोकाळली. कुठल्याही पुतळ्यावर चार दातेरी चाकं डकवायची आणि तांब्याचा रंग फासायचा. ज्या चाकाचे दात दुसऱ्या कशातही अडकत नाहीत, ते चाक तिथं कशाला? माझ्या मते भंगारातला प्राणी जिवंत वाटतो तो वस्तू आणि प्राणी दोन्ही एकाच वेळी दिसले तरच. ही गोष्ट पिकासोनं १९४२ मध्येच करून दाखवली: सायकलची सीट म्हणजे बैलाचं तोंड, हँडल म्हणजे शिंगं. बस, दोनच वस्तू. १९५१ च्या त्याच्या वानरीचं डोकं खेळण्यातल्या दोन मोटारींचं आहे आणि पाठीपासून शेपटीपर्यंत मोटारीची स्प्रिंग.

आजच्या मंडळींत एदुआर मार्तिने हा फ्रेंच कलावंत मला सगळ्यात कडक शिस्तीचा वाटतो. टोळ, मुंग्या, मासे, बेडूक तो सायकली-मोटारींच्या सुट्या भागांतून रचतो, पण वेल्डिंग करत नाही. सगळं स्क्रूनं जोडतो. त्यामुळे हवा तो आकार वाकवून मिळवण्याची सोय नाही. योग्य तुकडा हाती येईपर्यंत थांबायचं, मग एखादा कीटक वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिला तरी चालेल.

हा केवळ हट्ट नव्हे. पोलाद वितळतं साधारण चौदाशे-पंधराशे अंशांना, पितळ नऊशेच्या आसपास; आणि पितळातलं जस्त त्याच सुमाराला उकळून धूर होतं. म्हणून स्टोव्हच्या पितळी टाकीला पोलादी पाय लावायचे तर डाख द्यावा, रिव्हेट मारावी किंवा सरळ नटबोल्ट आवळावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड केला तर रात्री ताप भरतो. कुठल्याही गॅरेजमधला जुना वेल्डर हे सांगेल. आणि पितळाला आलेली काळपट-हिरवी झाक ब्रासो लावून घालवू नये. वस्तूचं वय तेवढ्यातच उरलेलं असतं.

घड्याळांचं प्रकरण नाजूक. अमेरिकेतल्या माइक लिबीनं १९९९ मध्ये मेलेल्या भुंग्यात जुन्या मनगटी घड्याळाचे भाग बसवले आणि पुढे अशा कीटकांची मोठी मालिकाच केली. तेव्हापासून घड्याळाची फुलपाखरं, कोळी यांचं पीक आलं आहे. इथं दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे अंधारात चमकणारी जुनी तबकडी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अशा अनेक तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. चमक कधीच विझली तरी रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. ती तबकडी खरवडू नये, शक्यतो उघडूही नये.

दुसरी गोष्ट सचोटीची. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात चावीची घड्याळं आता शौकीन शोधत येतात. म्हणजे ती भंगार राहिलेली नाहीत. पाकोळीच्या पंखांसाठी दुरुस्त होण्याजोगं यंत्र मोडणं मला पटत नाही. आधी घड्याळजीकडे न्यावं. त्यानं हात टेकले, की मग पाकोळीचा विचार.