खोकला जाईना? भिंत बघा!

सेनगाव, कळमनुरीकडून हिंगोलीला शिकायला आलात. जूनमध्ये रूम बघितली तेव्हा भिंती चकाचक होत्या. श्रावण लागला आणि पलंगामागं रंगाचे पोपडे सुटले, पुस्तकांना कुबट वास, सोबत खोकला. मग मेडिकलवरून आपलं सिरप चालू!

एकदा ती भिंत नीट बघा. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल आणि मिठासारखी पांढरी पूड असेल, तर पाणी जमिनीतून चढतंय. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते ना! ओल वरून उतरत असेल तर बहुतेक स्लॅब गळतोय. कोपऱ्यातले काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिचे कण श्वासातून आत जातात, दमा असेल तर त्रास जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ओलसर घरांबद्दल मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

ओले कपडे रूममध्ये वाळवू नका, पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा. पण गळका स्लॅब यानं थांबत नाही. ‘रंग मारून देतो’ हेही उत्तर नव्हे. ओल रंगाखालून परत येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथं लागू आहे, तिथं करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती घरमालकाकडंच. कलम १४ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यांनी दुर्लक्ष केलं, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. हे भाडेकरूंसाठी, लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी दुरुस्तीची अट करारातच लिहून घ्यावी.

नोटिशीचं धाडस होत नाही? कळतं. निदान भिंतीचा फोटो आजच काकांना व्हॉट्सअॅप करा.