पाच वाजताची भूक

भांगलणीवरून आत्ताच घरी आला असाल, पाय धुऊन चहा ठेवला असेल. चहा उकळू दे, पण पिण्याआधी जरा ऐका, कारण आज त्या चहावरही बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे गोळा झाले, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि मग एकीनं विषय काढला. "पोरगी भाकरी बघितली की तोंड फिरवती, आणि संध्याकाळी वीस रुपये मागती." एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्याच बोलायला लागल्या. कुणाच्या मुलाला रोज वडापाव लागतो, कुणाची मुलगी कुरकुरीत पाकिटावर दिवस काढते, कुणाकडं आठवड्यातून दोनदा चायनीजची पिशवी येते. आम्ही तिथंच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बाहेरच्या खाण्याला आठवड्याला किती जातात, ज्यानंत्यानं आपापलं सांगायचं. बऱ्याच घरांत तो आकडा आठवड्याच्या बचतीपेक्षा मोठा निघाला. एकदम शांतता पसरली.

मग ठरलं की आधी पोरांनाच विचारू. रविवारी समाजमंदिराच्या पायरीवर आठवी ते बारावीतली पंधरा-वीस पोरं-पोरी बसवली. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकायचं, असं आम्ही एकमेकींना बजावलं होतं. ते पाळणं अवघड गेलं, पण ऐकलं.

एक मुलगा म्हणाला, "चायनीज गरम असतंय, म्हणून खातो." आम्हाला वाटलं होतं तो चवीचं काहीतरी सांगेल. एक अकरावीतली मुलगी चांदोलीकडच्या बाजूच्या गावातून रोज एसटीनं शिराळ्याला येते. सकाळी साडेसातला चहा-बिस्किट खाऊन निघते. डबा अकरा वाजता खाते, आणि तोही अर्धाच, कारण भाकरी तोवर वातड झालेली असते. एसटी चुकली तर घरी पोचायला सहा-साडेसहा वाजतात. मधल्या वेळात स्टँडजवळ जे गरम, चमचमीत आणि स्वस्त मिळतं ते ती खाते. आई तेव्हा रानात असते. घरी टोपल्यात सकाळची भाकरी आणि गार कोरड्यास. मैत्रिणींनो, आता खरं सांगा, आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं?

आमच्या लक्षात आलं की भांडण भाकरी आणि नूडल्सचं नाहीच. पाच वाजता पोराला भूक लागते आणि त्या वेळेला घरात कुणी नसतं. गाडेवाला मात्र असतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं आपलं लक्ष जात नाही. शाळेत मिळणारा पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच आहे. 2021 पासून त्याला पंतप्रधान पोषण योजना म्हणतात, पण मर्यादा तीच. नववीत पाऊल टाकलं की दुपारचं ते गरम जेवण बंद. आणि नेमक्या त्याच वयात शरीराची मागणी सगळ्यात जास्त असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये जे आकडे ठरवले, त्यांत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागतं, सोळा ते अठराच्या मुलीला 32. त्याच वयाच्या मुलांना 22 आणि 26. मुलीला जास्त का, ते तुम्हाला सांगायला नको. दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जातं आणि उंचीही वाढत असते. आपल्या घरात मात्र जास्त वाढलेलं ताट कुणाचं असतं?

हा प्रश्न आम्हाला कसा पडला ते सांगते. गटातल्या एका घरची मुलगी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. तिची आई लगेच म्हणाली, "चायनीज खाऊन खाऊन ही गत झाली." आम्हालाही तसंच वाटलं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.9 निघालं. या वयाच्या मुलीचं ते 12 च्या वर असायला हवं. तिथल्या बाईंनी दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी चहा. डब्यात भाकरी आणि चटणी. घरी आली की पुन्हा चहा. रात्री भात. आमटी? "आमटी असती, पण माझ्यापर्यंत येईपर्यंत पाणीच उरतं." कालवणातलं घट्ट वडलांना आणि भावाला, अंडं केलं तर तेही तिकडं. चायनीज ती महिन्यातून दोनदा खात होती. आईनं त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून रडून घेतलं, आणि आमच्यापैकी कुणाचीही तिला काही म्हणायची हिंमत झाली नाही. सगळ्यांच्याच घरात तीच वाढायची पद्धत आहे.

ही एकट्या त्या घरची गोष्ट नाही. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या दर 100 मुलींमागे 59 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. लक्षणं साधी असतात, म्हणून आपण ती आळसात जमा करतो. जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष न लागणं, सारखी झोप, पापणीच्या आतला भाग पांढुरका. माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर तेही त्याचंच लक्षण असू शकतं.

आता गाड्यावरच्या ताटाकडं वळू. मंचुरियन काही चीनमधून आलेलं नाही. 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग नावाच्या आचाऱ्यानं आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस घातला आणि ते बनवलं, असं मानलं जातं. म्हणजे पोरांना जे आवडतं त्याचा निम्मा स्वाद आपल्याच पाट्यावरच्या आल्या-लसणाचा आहे. त्या ताटात असतं काय? मैद्याच्या शेवया, थोडा कोबी, तेल, सॉस आणि मीठ. पोट भरतं, पण लोह, कॅल्शियम, प्रथिनं फारशी मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट एक चमचा. पाकिटावर सोडियम किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणा, मीठ किती ते कळेल. सोडियम 800 असेल तर 2 ग्रॅम मीठ त्या एका खाण्यातच गेलं. गुणाकार पोरांकडून करून घ्या, त्यांना मजा येते.

तेलाचं वेगळं आहे. तेच तेल दिवसभर तापवत राहिलं की ते बिघडतं. किती बिघडलेलं तेल टाकून द्यायचं याचा सरकारी नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे, पण मोजायचं यंत्र आपल्या हातात नसतं. आपण रंग बघायचा. काळपट, चिकट, वर फेस धरणारं, लगेच धुरावणारं तेल दिसलं तर तिथलं तळलेलं नको. आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असाही 2020 चा नियम आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर आपल्यातल्या बायका असतात, त्यांनी हे विचारायला हरकत नाही.

पण घरचं म्हणजे सगळं चांगलं, असंही आम्ही म्हणणार नाही. खारवलेल्या मिरच्या, पापड, कुरडया, लोणचं यांत मीठ काही कमी नसतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आणि श्रावणात आपण वाढत्या मुलींना त्यावर दोन-दोन दिवस काढायला लावतो. गुळानं रक्त वाढतं म्हणून खडा हातात देतो, पण त्या खड्यातून मिळणारं लोह फार थोडं असतं. आणि नागपंचमीच्या यात्रेत आपलाच गट भजी-वड्यांचा स्टॉल लावतो, हेही लपवायला नको.

मग घरात आहे काय? बरंच आहे. 100 ग्रॅम अख्ख्या मसुरात 7 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, हुलग्यात त्याहून थोडं जास्त, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला तर दोन्ही वेळा भातच असतो, म्हणून तिथं कडधान्य जास्त हवं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असतं. शेंगदाण्याचा जवळपास चौथा हिस्सा प्रथिनं. हाफ नूडल्सच्या पैशांत पाच-सहा अंडी येतात. धान्य-कडधान्यातलं लोह अंगाला लागायला लिंबू, आवळा, टोमॅटो, पेरू असं काहीतरी सोबत हवं. आणि चहा त्याच्या उलटं काम करतो, लोह अडवून धरतो. म्हणून जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा नको, असं राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. आपल्याकडं भाकरीबरोबरच कपबशी असते. आता कळलं ना, सुरुवातीला चहाचं नाव का काढलं?

आम्ही गटात दोन महिने वेगवेगळं करून बघितलं. पहिला प्रयोग फसला. नाचणीचे लाडू करून डब्यात दिले, ते तसेच परत आले. एकीच्या मुलानं तर ते कुत्र्याला घातले. हुलग्याचं माडगं केलं, पोरांनी नाक मुरडलं आणि म्हाताऱ्यांनी वाट्या चाटून पुसून संपवल्या.

जमलं ते अख्ख्या मसुरावर. पेठ नाक्याच्या बाजूला ढाब्यांवर अख्खा मसूर आणि रोटी खायला लोक गाड्या थांबवतात, आपली पोरंही त्यासाठी हट्ट करतात. मग तेच घरी का नको? मसूर सकाळी भिजत घालायचा. लोखंडी कढईत चमचा-दीड चमचा तेलात भरपूर कांदा, आलं-लसूण चांगलं लाल होईपर्यंत परतायचं, टोमॅटो, कांदा-लसूण मसाला, मग मसूर आणि बेताचं पाणी. दाणा मऊ व्हावा पण फुटू नये. झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचा, वरून लिंबू आणि कोथिंबीर. लोखंडी कढईतलं थोडं लोह कालवणातही उतरतं. दुसरं जमलं ते सकाळच्या भाकरीचं. ती कुस्करून कांदा, शेंगदाणे, कढीपत्त्याची फोडणी द्यायची आणि लिंबू पिळायचं. पोरं त्याला भाकरीची भेळ म्हणतात. चपातीत अंड्याची भुर्जी आणि पातीचा कांदा गुंडाळला तर त्याला फ्रँकी म्हणतात. म्हणू देत.

आता तुम्ही म्हणाल, पाच वाजता हे करायचं कोण? आपण तर सहा-साडेसहाला येतो. आम्हालाही हाच प्रश्न होता, आणि बाईच्या मागं आणखी एक काम लावायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. करायचं पोरांनी. मसूर आईनं भिजत घालायचा, फोडणी घरी आधी येईल त्यानं. मुलगा असो की मुलगी. दोन-तीन घरांत सासूबाई कुरकुरल्या, "पोरगा चुलीपुढं बसणार का?" नववीतल्या एका पोरानंच उत्तर दिलं, "गाड्यावर करणारा काय बाई हाय व्हय?" त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

गाडेवाल्याशीही आम्ही बोललो. तोही आपल्याच गावचा, त्याचंही पोट आहे. उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ ठेव, पोरांना तेच घ्यायला सांगतो, असं म्हटलं. अंडी त्यानं ठेवली, ती खपतात. उसळ दोन दिवस ठेवून बंद केली, परवडत नाही म्हणाला.

एक मात्र ध्यानात ठेवा. रक्त फार कमी झालं असेल तर नुसत्या खाण्यानं ते लवकर भरून येत नाही, दवाखान्यात दाखवून औषध घ्यावं लागतं. दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींसाठी आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेत मिळते, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीतून. ती जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, म्हणून पोरी गोळी खिडकीतून टाकतात. घाबरू नको, असं आधीच सांगून ठेवा. जंताची गोळीही चुकवू नका, अंगात जंत असतील तर खाल्लेलं लागत नाही.

चक्कर आलेल्या त्या मुलीचं औषध चालू आहे, पुढच्या महिन्यात तिचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. घरी आता आमटी ढवळून वाढतात, आणि अंडी आणली तर तिचं एक बाजूला ठेवतात. परवा बैठकीला ती आईबरोबर आली होती. कसं चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, मसूर बरा होतोय, पण भाऊ मसाला लई घालतोय, जरा सांगा त्याला.