चित्रकलेचा तास मुलांचा हवा

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, वळणे घेत खाली येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचे झाड. ‘निसर्गदृश्य काढा’ असे सांगताच महाराष्ट्रातील कितीतरी वर्गांत हेच चित्र कागदावर उतरते. ज्याच्या गावाला डोंगर नाही, ज्याची नदी आठ महिने कोरडी असते, ते मूलही हेच काढते. यास मुलांच्या कल्पनेचे दारिद्र्य म्हणणे अन्यायाचे होईल. फळ्यावरचे चित्र हुबेहूब उतरविणाऱ्यास शाबासकी आणि स्वतः पाहिलेले वेडेवाकडे रेखाटणाऱ्यास ‘चुकले’ हा शेरा मिळत असेल, तर दुसरे काय घडणार?

व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग उघडला, तो नकलेला फाटा देऊनच. लहान मूल जे जाणते आणि ज्याचे त्याला महत्त्व वाटते, ते काढते. म्हणून त्याच्या चित्रात आई घराहून उंच होते. टोपलीतले आंबे टोपलीच्या आरपार दिसतात. हा प्रमाद नव्हे. ती त्या वयाची भाषा होय.

हा विचार आपल्या मातीतही रुजलेला आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक झाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी बालकांसाठी पाने, बिया, खडे, शिंपले यांतूनच साधने निर्माण केली. रंगपेटीवाचून अडते ही सबब तेथे टिकत नाही.

परीक्षांचे काय, असा प्रश्न शिक्षक व पालक विचारतील. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांनी हाताला व नजरेला शिस्त लागते, हे निर्विवाद. परंतु दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून स्मरणचित्रही पाठ करून घेतले जाऊ लागले, तर त्या नावाला अर्थ काय उरला?

उपाय खर्चाचे नाहीत. चित्रकलेचा तास गणिताच्या उजळणीला देऊ नये. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावण्याऐवजी ‘यात काय चालले आहे, सांग’ असे विचारावे. भिंतीवर निवडक चार चित्रे न लावता सर्वांची लावावीत. घरी पालकांनी मुलाच्या हातातील पेन्सिल घेऊन रेघ ‘नीट’ करून देण्याचा मोह आवरावा.

प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, व्हावे असेही नाही. प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याचा डोंगर गिरवावयास शिकलेला हात पुढे मार्गदर्शकातला निबंधही तसाच उतरवून काढतो; आणि आपल्या मुलांना स्वतःचे असे काही सुचत नाही, अशी तक्रार तेव्हा आपणच करीत असतो.