कड्याचा सातबारा

पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी सरळ कड्यावरून खाली कोसळते आणि तळाशी दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. श्रावणात येणारा माणूस धबधबा पाहतो, दर्शन घेतो, परततो. हा कडा चढायचा, असं त्याच्या मनातही येत नाही. गिर्यारोहकांच्या नकाशातही हा बीड जिल्हा जवळजवळ कोराच. मुंबई-पुण्याच्या क्लबांचे दोर लागतात ते ड्यूक्स नोज, तैलबैला, लिंगाण्यावर. पण बालाघाटाच्या या डोंगरांत आज ना उद्या कोणी ड्रिल घेऊन येईलच. तेव्हा कडा किती उंच, यापेक्षा कडा कोणाचा, हे आधी विचारावं लागेल. वनखात्याचा, गायरानातला, देवस्थानचा, की कुणाच्या बांधालगतचा?

या एका प्रश्नावर अमेरिकेत एक अख्खी संस्था उभी आहे. तिचं नाव ॲक्सेस फंड. अपघात झाला तर आपल्यावर दावा लागेल, या धास्तीने तिथले जमीनमालक चढणाऱ्यांना मज्जाव करू लागले होते. अमेरिकन अल्पाइन क्लबच्या एका समितीने हे काम हाती घेतलं आणि 1991 मध्ये त्यातूनच ही स्वतंत्र संस्था झाली. संस्थापक अर्मांडो मेनोकाल पेशाने वकील. शिखरं सर करणाऱ्यांची संस्था, पण तिचा बराचसा वेळ करारनामे आणि कोर्टकचेऱ्यांत जातो.

संस्था स्थानिक गटांना अनुदान देते. कशासाठी? पायवाट बांधून काढायला, संडासाला, फलकांना, दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेले बोल्ट गंजले की ते बदलायला. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, आणि मला तेच आवडतं. कडे बंद पडतात ते बहुधा चढाईमुळे नव्हेच. शेतात लावलेल्या गाड्या आणि झुडपाआडची घाण यांनी गावकरी वैतागतात. 2009 पासून संस्था कर्जही देते. विक्रीला निघालेला कडा बिल्डरच्या हाती जाण्याआधी स्थानिक गटाने तो घ्यायचा, मग सावकाश वर्गणी गोळा करून पैसे फेडायचे. फिटलेली रक्कम पुढच्या कड्याला. आपल्याकडच्या बचत गटासारखाच हिशेब.

त्याही आधी, 2004 साली, केंटकीतल्या रेड रिव्हर गॉर्जच्या आरोहकांनी सुमारे 750 एकर जमीन विकत घेतली होती. गंमत अशी, की जमीन त्यांची झाली तरी तिच्या पोटातलं तेल काढण्याचा हक्क दुसऱ्यांकडेच राहिला. सातबाऱ्यावरचे इतर हक्क कुणालाच सुटत नाहीत.

मात्र हरलेला एक खटला मला या संस्थेच्या सगळ्या यशापेक्षा महत्त्वाचा वाटतो. टाहो सरोवराकाठी केव्ह रॉक नावाचा कातळ आहे. वाशो आदिवासींचं ते अत्यंत पवित्र स्थान. त्यांच्यातल्या जाणत्या वैदूंशिवाय इतरांनी तिथे जाऊही नये, अशी त्यांची श्रद्धा. आरोहकांनी त्यावर बोल्ट ठोकून अवघड मार्ग तयार केले. वनखात्याने चढाईवर बंदी घातली. ही तर सरकारने एका धर्माची बाजू घेतली, असं म्हणत ॲक्सेस फंड न्यायालयात गेला. 2007 मध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली: स्थळाचा सांस्कृतिक वारसा जपणं म्हणजे धर्माचा पुरस्कार नव्हे. याच कातळातून हमरस्त्याचा बोगदा जातो, हे खरंच. तरी निकाल योग्य होता, असं मला वाटतं. डेव्हिल्स टॉवर या सुळक्यावर मात्र संस्था शहाणपणाने वागली. तिथे मूळ रहिवाशांच्या धार्मिक विधींसाठी 1995 पासून जून महिन्यात चढू नये अशी विनंती केली जाते, सक्ती नाही. आणि संस्थेने ती उचलून धरली.

आपल्याकडे असा फंड नाही. 1954 सालच्या गिरिविहारपासून इथल्या क्लबांनी कडे मिळवले ते ओळखीवर: पायथ्याच्या गावात मुक्काम, पाटलाच्या घरी जेवण. सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्हच्या स्वयंसेवकांनी सह्याद्रीतल्या सुळक्यांवरचे जुने बोल्ट बदलले, हे मोलाचं काम. पावसाळ्यात साधं लोखंड लवकर गंजतं. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट टिकतात, पण महाग पडतात. राज्य सरकारचं म्हणाल, तर 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाचा भर नोंदणी आणि सुरक्षिततेवर आहे.

बालाघाटात तर कड्याशी देव जोडलेला. सौताड्याला रामेश्वर, कपिलधारच्या धबधब्याजवळ मन्मथस्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेची मोठी यात्रा. तेव्हा इकडे दोर घेऊन येणाऱ्यांना एवढंच सांगणं: आधी देवस्थानचे विश्वस्त, ग्रामपंचायत आणि वनखातं यांना विचारा. नाही म्हणाले तर परत जा. यात्रेच्या दिवसांत कडा मोकळा सोडा, आग्यामोहोळाच्या आसपास ड्रिल चालवू नका, आणि क्लबच्या वर्गणीतून दोराला जेवढे पैसे काढता, तेवढेच वाटेसाठी आणि संडासासाठी बाजूला ठेवा.