हातोडा नको, ओव्हन आणा!

जुन्या येझदीचं इंजिन उघडलं की बाकी सगळं एक वेळ निघतं, पण क्रँककेसमधलं बेअरिंग हलायचं नाव घेत नाही. (बेअरिंगला मराठीत ‘धारवा’ म्हणतात. आम्ही कॉन्व्हेंटवाल्यांनी वर्कशॉपमध्ये ‘धारवा द्या’ म्हटलं तर हातात काय येईल देव जाणे!) मग हात जातो हातोड्याकडे, आणि तिथेच घात होतो.

कारण केस फुटली तर नवी मिळत नाही. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ साली बंद पडली. २०२२ मध्ये येझदी नावाने नवी गाडी आली खरी, पण ती फोर-स्ट्रोक. आपल्या टू-स्ट्रोकला तिचा उपयोग शून्य. शिवाय डावी-उजवी केस जोडीने मशीन केलेली असते, एकीला तडा गेला की दुसरीही गेल्यात जमा. आणि इंजिन नंबर केसवरच! तो आरसी बुकाशी जुळला नाही की घाला आरटीओच्या फेऱ्या. बोरिवलीला काकांची येझदी उघडताना मला जास्त भीती याचीच होती.

आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. केस ॲल्युमिनियमची, बेअरिंग स्टीलचं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील १२च्या आसपास. समजा बेअरिंग ६२०५ आहे, म्हणजे बाहेरचा व्यास ५२ मिमी. दोन्ही १०० अंशांनी तापवली तर भोक ०.१२ मिमीने मोठं होतं, बेअरिंग फक्त ०.०६ने. उरलेला फरक चिमूटभर वाटेल, पण बेअरिंग धरून ठेवणारी पकडही मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते.

आधी ऑइल सील आणि सर्कलिप काढा. सर्कलिप आत राहिली तर कितीही तापवा, काही होणार नाही. केस पेट्रोलने धुतली असेल तर साबणाने परत धुऊन खडखडीत वाळवा, नाहीतर भडका उडेल. काकूने केकचा ओव्हन द्यायला साफ नकार दिला, म्हणून आम्ही भंगारवाल्याकडून मोठा ओटीजी आणला. १२० अंश, अर्धा तास. ब्लोलँप एकाच जागी मारू नका, केस वाकते. मग जाड हातमोजे घालून केस लाकडी ठोकळ्यावर पालथी आपटायची. बहुतेक वेळा बेअरिंग ‘टण्’ करून खाली पडतं!

मागून भोक नसेल तर पास्कलचा नियम कामाला येतो. बेअरिंगमागच्या पोकळीत ओला पाव ठासून भरा, आतल्या रेसमध्ये घट्ट बसेल असा दांडा घाला आणि वरून ठोका. पाव दबून दबून बेअरिंगला मागून वर ढकलतो. ग्रीसनेही जमतं, पण ते गोळ्यांमधून निसटतं. मेसचा शिळा पाव बेस्ट.

जुनं बेअरिंग फेकण्याआधी त्यावरचा नंबर पूर्ण लिहून घ्या. शेवटी सी३ असेल तर तेही, कारण सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. बसवताना उलटा खेळ: नवं बेअरिंग पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये, केस परत ओव्हनमध्ये, आणि मग हाताने सरळ आत सोडायचं. मेसचा फ्रीझर वापरणार असाल तर पिशवीवर नाव टाका, नाहीतर मावशी फेकून देतील.