टाइम : कुळ आणि मुदत

‘टाइम’ हा शब्द जर्मानिक कुळातला. प्राचीन इंग्रजीतील ‘तीमा’ हे त्याचे जुने रूप, आणि भरती-ओहोटीचा वाचक झालेला ‘टाइड’ व जर्मनांचा ‘त्साइट’ ही त्याची भावंडे. ब्रिटिश लष्करी बोलीत तो नोकरीच्या मुदतीसाठीही वापरला जाई. नोकरीची मुदत भरलेले, ‘टाइम-एक्स्पायर्ड’ म्हणविले जाणारे गोरे शिपाई, सैन्यवाहू जहाजे केवळ हिवाळी हंगामातच विलायतेस सुटत असल्यामुळे, नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत कित्येकदा महिनोन् महिने निरुद्योगी खोळंबून राहत. या खोळंब्यात त्यांच्यातील काहींना जडणाऱ्या चित्तभ्रमालाच ‘डूलॅली टॅप’ हे नाव पडले. त्यातला ‘डूलॅली’ देवळालीचा अपभ्रंश, ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे नुसता ‘डूलॅली’ इंग्रजी बोलीत वेडसरपणाचा वाचक झाला.