पानावरून पडद्यावर – लेखांक ६ : निवेदकाचं करायचं काय?

गेल्या आठवड्यात आपण रहस्यकथेच्या पटकथेबद्दल बोललो. तिथे कथानक शाबूत राहिलं की निम्मं काम होतं. विनोदी कादंबरीत तसं होत नाही. प्रसंग सगळे पडद्यावर येतात आणि हसू मात्र पुस्तकातच राहून जातं.

डग्लस ॲडम्स यांचं ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ घ्या. १९७८ साली बीबीसी रेडिओवर मालिका, १९७९ मध्ये कादंबरी, १९८१ मध्ये टीव्ही मालिका. चित्रपटाला मात्र २००५ साल उजाडलं. ॲडम्स पटकथेचे खर्डे लिहीत राहिले आणि २००१ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, कॅलिफोर्नियात वारले. कॅरी कर्कपॅट्रिक यांनी पटकथा पुरी केली, दिग्दर्शन गार्थ जेनिंग्ज यांनी केलं.

आर्थर डेंटचं घर रस्त्यासाठी पाडायला बुलडोझर येतो आणि त्याच दिवशी अंतराळातल्या महामार्गासाठी अख्खी पृथ्वी पाडली जाते. पुढे हा गृहस्थ ड्रेसिंग गाउनमध्येच विश्वभर भटकतो. त्याला कुठे पोहोचायचं नाही, काही मिळवायचं नाही. रेडिओवर भागामागून भाग असं भटकणं खपून जातं. चित्रपटाला नायकाची काहीतरी ओढ लागते. म्हणून ट्रिलियन या तरुणीवरचं त्याचं प्रेम वाढवलं गेलं. मला ते पटत नाही. पृथ्वी गेल्यावरही धड चहा मिळावा म्हणून कासावीस होणारा आर्थर मला कितीतरी जवळचा वाटतो.

पण खरी अडचण निवेदकाची आहे. या कादंबरीतलं हसू घटनांपेक्षा त्या सांगणाऱ्याच्या संथ, सविस्तर, गंभीर आवाजात आहे. घर पाडण्याचे नकाशे आर्थरला कुठे सापडले, याचं वर्णन पुस्तकात एकेक पायरी उतरत जातं: तळघर, दिवे नाहीत, जिनाही नाही, बंद पडलेलं शौचालय, त्यातलं कुलूपबंद कपाट आणि दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी. चित्रपटात ही उतरंड तळघरापाशीच तुटते. वेळ वाचला, विनोद गेला.

याउलट तो देवमासा पाहा. क्षेपणास्त्राचा अचानक देवमासा होतो आणि जमिनीवर आदळेपर्यंत तो आजूबाजूच्या गोष्टींना नावं देत राहतो. इथे चित्रपट धीर धरतो, त्याचं मनोगत पुरतं ऐकवतो आणि प्रसंग खुलतो. स्टीफन फ्राय यांच्या आवाजातल्या, कथेतल्या ‘गाइड’ या ग्रंथाच्या नोंदीही अशाच जमल्या आहेत, त्यांना सोबत साध्या रेखाटनांच्या ॲनिमेशनची आहे.

चि. वि. जोशींचा चिमणराव आपल्याला ठाऊक आहे. पुस्तकात तो स्वतःच आपली फजिती भाबडेपणाने सांगतो. पडद्यावर आपण त्याच्याकडे बाहेरून बघतो. तो भाबडा आवाज नटाच्या चेहऱ्यावर आणावा लागतो. निवेदकाचा पेच भाषा बदलली म्हणून सुटत नाही.

चाहते ‘हे पुस्तकात नव्हतं’ म्हणून रागावतात, ते मात्र मला अन्यायाचं वाटतं. चित्रपटातली हुम्मा कवुला ही नवी व्यक्तिरेखा खुद्द ॲडम्स यांची. रेडिओ, पुस्तक, टीव्ही, प्रत्येक वेळी त्यांनी गोष्ट बदललीच होती. २००५चा चित्रपट फसला तो नव्या भरीमुळे नाही. जुनी वाक्यं अर्ध्यावर तोडल्यामुळे फसला.

पुढच्या लेखांकात जोसेफ हेलर यांची ‘कॅच-२२’ आणि माइक निकल्स यांचा १९७०चा चित्रपट. जमल्यास तोवर कादंबरीची पहिली काही प्रकरणं वाचून ठेवा.